चार मिनिटं वीस सेकंद

मी त्यांच्यावर जळायचो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल काही बरं बोललो तर ते खरं समजा, आणि वाकडं बोललो तर त्यातलं निम्मं सोडून द्या.

डहाणू रोडला एका शेठच्या फर्ममध्ये आम्ही दोघं होतो. कॅमेरे बसवणं, इंटरनेटची जोडणी, शाळा-हॉस्पिटलांत नेटवर्क उभं करून देणं, असली कामं. मी डिप्लोमावाला. वर दोन परीक्षा देऊन मिळवलेली सर्टिफिकेटं शेठच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेली. घरची चिकूची वाडी, बापजाद्यांपासूनची. आणि ते झरीकडच्या एका पाड्यातले, केबल पुरायला चर खणणारी टोळी यायची त्यात आलेले. टोळी गेली, ते राहिले. आधी केबल ओढायला, मग शिडीवर चढायला, आणि कधी, कसे, कोणाला विचारून ते स्विचसमोर, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या तारा येऊन मिळतात त्या पेटीसमोर, बसायला लागले ते देव जाणे.

सगळे त्यांना मामा म्हणायचे. मीपण म्हणायचो, पण "मामा, तू जरा ती शिडी धर" असं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस, मला 'साहेब' म्हणायचा, अहोजाहो करायचा. त्याचं तेव्हा मला काही वाटलं नाही. आता लिहिताना 'ते' लिहितोय, तर हात जरा अडखळतो.

माणूस विक्षिप्त म्हणजे किती! सर्व्हर ठेवलेली खोली असो नाहीतर जिन्याखालचं कपाट, चपला बाहेर काढणार. स्विचसमोर उकिडवे बसणार आणि बत्त्या बघत राहणार. अर्धा तास, पाऊण तास. मी लॅपटॉप लावून दहा खिडक्या उघडून बसलेलो, आणि शेजारी हे आमच्याच वाडीतला चिकू खातायत. तोही सालीसकट. बिया थुंकायचे नाहीत, खिशात टाकायचे. एकदा मी चिडून म्हणालो, "मामा, काय सिनेमा चाललाय का त्यात?"

"बत्त्या मिचकतात ना साहेब, त्या कोनाशी तरी बोलतात," ते म्हणाले. "कोनाशी ते बघतंय."

केबलला मी नंबर द्यायचो. ए-एक, ए-दोन, सगळं तक्त्यात मांडलेलं. हे काय करायचे, पलीकडच्या टोकाला जो माणूस बसतो त्याचं नाव चिकटपट्टीवर लिहायचे. 'लॅबवाल्या बाई.' 'वॉचमन, पाय दुखतो तो.' मी त्या पट्ट्या टराटरा काढून टाकल्या आणि नंबर लावले. पुढे माझा तक्ता हरवला, तेव्हा ए-सात कुठे जाते ते शोधायला मला दोन दिवस लागले. मामा तिथेच होते. एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

आणि सोमवार. दर सोमवारी सकाळी सातच्या ठोक्याला ते आपला तो जुना बटनांचा फोन घेऊन फर्मच्या पायरीवर बसायचे आणि एकेका साइटला फोन लावायचे. झाईचा बर्फाच्या कारखान्यातला माणूस, आशागडच्या गोदामाचा तो पाय दुखणारा वॉचमन, दवाखान्यातली आया, सगळे. फोन उचलला की एकच प्रश्न. "हाय का?" तिकडून "हाय" आलं की कट. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"अरे, आपल्याकडे सॉफ्टवेअर आहे," मी सांगायचो. "कुठली साइट चालू, कुठली बंद, लाल-हिरवं सगळं स्क्रीनवर दिसतं."

"हिरवा दिसला म्हंजे मानूस हाय काय?" ते विचारायचे, आणि पुढचा नंबर दाबायचे.

लोक हसायचे त्यांना. पण साइटवर काही बिघडलं की त्याच लोकांचा फोन मामांना यायचा, मला नाही. मी इन्चार्ज कागदावर. माझा नंबर पावतीवर छापलेला. तरी फोन मामांना! नाकाला मिरच्या झोंबतात म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आशागडच्या गोदामाची गोष्ट अजून आठवली तरी माझे कान गरम होतात. तिथून डहाणूपर्यंत बिनतारी जोडणी होती, दोन छपरांवर दोन डिश समोरासमोर. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती पाच-सात मिनिटं पडायची आणि आपोआप परत यायची. मी तीन आठवडे मागे लागलो. चॅनेल बदलले, डिश बदलली, बारा पानांचा रिपोर्ट केला, आलेखांसकट. निष्कर्ष काढला की हवामानाचा परिणाम.

मामा एकदाच आले. छपरावर चढले, डिशच्या मागे बसले आणि डिश जिकडे बघते तिकडे बघत राहिले. संध्याकाळ झाली. मग खाली आले आणि म्हणाले, "ताडीवाला चढला."

मधे एक उंच ताड होता, अगदी दोन डिशच्या नजरेच्या रेषेत. सकाळ-संध्याकाळ ताडी उतरवायला माणूस वर चढायचा, शेंड्याशी थांबायचा, मडकी बदलायचा. तेवढा वेळ जोडणी आंधळी. डिश चार हात वर उचलली, संपलं काम. शेठ हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. "अरे भाई," मला गुजरातीत म्हणाला, "तारा सर्टिफिकेटमां ताडी नथी लखी?"

घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोला वाटलं, पोट बिघडलं. पोटातच दुखत होतं, पण ते औषधाचं दुखणं नव्हतं.

आता तलासरीचं सांगतो. तेच सांगायचंय, बाकी सगळं टाळाटाळ आहे.

तलासरीच्या पुढे एक निवासी शाळा. आमच्या भागात अधूनमधून जमीन हलते. आधी गुडगुड आवाज येतो, पत्रे थरथरतात, भांडी वाजतात. मोठी माणसं चहाचा कप हातात धरून थांबतात आणि पुन्हा प्यायला लागतात. पण शाळेत चारपाचशे पोरं, त्यातली निम्मी झोपायला तिथेच. मुख्याध्यापिका बाई कडक. त्यांना प्रत्येक इमारतीवर स्पीकर हवे होते. हादरा बसला की बाई ऑफिसातून बोलणार, पोरं मैदानात येणार, आणि बाई 'आता आत जा' म्हणेपर्यंत कोणी आत जायचं नाही. लहान पोरं भेदरतात, म्हणून बाई सलग बोलत राहणार. पोरांना शिकवलेलंही तसंच होतं: आवाज चालू आहे तोवर बाहेर, आवाज थांबला की संपलं.

सहा इमारती, प्रत्येकीचं जाळं वेगळं. तारा त्याच, पण मधे न दिसणाऱ्या भिंती. व्हर्च्युअल नेटवर्क म्हणतात त्याला. ते मीच तसं केलं होतं, वसतिगृहातले मोबाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू नयेत म्हणून. आणि आवाज पाठवायचा तो मल्टिकास्टने. फोन एकाला लागतो. देवळाचा भोंगा सगळ्या गावाला ऐकू येतो, हवा असो नसो. ही तिसरी रीत: बोलणारा एकदाच बोलतो, आणि ज्याने 'मला ऐकायचंय' म्हणून नाव दिलंय त्याच्याकडेच ते जातं. बाई बोलायला लागल्या की प्रत्येक स्पीकर आपल्या इमारतीतल्या स्विचकडे नाव नोंदवणार, अशी योजना.

पहिल्या दिवशी ऑफिसच्या इमारतीत बाई खणखणीत. बाकी पाच इमारती ठार मुक्या.

हे मी सोडवलं. मी! आठ दिवस लागले. डेटाच्या प्रत्येक पाकिटाला आयुष्य दिलेलं असतं, किती उंबरे ओलांडायचे ते. घोषणेच्या यंत्राने ते एक दिलेलं, त्यामुळे पाकीट पहिल्याच भिंतीशी मरत होतं. मी आयुष्य वाढवलं, भिंतींतून वाट काढून दिली, आणि सहाही इमारती बोलायला लागल्या. मामांचा त्यात काडीचा हात नव्हता, हे मी चार वेळा शेठच्या कानावर घातलं.

त्याच वेळी आणखी एक शहाणपणा केला. तपासताना मला दिसलं, प्रत्येक इमारतीतला स्विच दर दोन मिनिटांनी आपल्या जाळ्यात एक प्रश्न सोडतोय: कोणी ऐकतंय का? कोणी बोलत नाही, काही चालू नाही, आणि ह्याचं आपलं चालूच. कशाला ही रिकामी बडबड? पाच इमारतींत मी ती बंद करून टाकली. ऑफिसचा स्विच तेवढा राहिला, कारण जेवायची वेळ झाली होती.

मग चाचणी. मी माइक घेतला, "हॅलो, वन, टू, थ्री." सगळीकडून उत्तर आलं, ऐकू येतंय. मी माइक खाली ठेवला.

मामा दारात उभे होते. "साहेब, पाच मिनटां बोला ना," म्हणाले.

"पाच मिनिटं काय बोलू? कीर्तन करू?"

सगळे हसले. मामापण हसले. मला तेवढंच हवं होतं.

त्या आठवड्यात भूकंपाची कवायत झाली. शेठही आलेला. बाई बोलायला लागल्या, पोरं रांगेने बाहेर आली, बाई एकेका वसतिगृहाचं नाव घेऊन बोलत होत्या. झकास चाललं होतं. आणि मग मैदानाच्या त्या टोकाचे सगळे स्पीकर एकदम गप्प झाले. लांबच्या ऑफिसवरचा तेवढा चालू, बाकी पाच बंद. बाईंना आत बसून काही कळेना, त्या बोलतायत. मैदानावर शांतता. आणि मुलींच्या वसतिगृहातल्या लहान पोरी, शिकवल्याप्रमाणे, हात धरून जोडीजोडीने परत आत छपराखाली गेल्या.

कोणीतरी जाऊन सांगितलं, तशा बाई धावत बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. फक्त त्या दाराकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "खरं असतं तर?"

मी पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. घड्याळ लावलं: चार मिनिटं वीस सेकंद. पुन्हा लावलं: चार मिनिटं वीस सेकंद. यंत्रं बदलली, वायर बदलल्या, लॅपटॉपवर डोळे फुटेस्तोवर बघितलं. आपणच काही बंद केलंय, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

रविवारी शाळा निम्मी रिकामी होती, मोठी पोरं घरी गेलेली. मामा मुलींच्या वसतिगृहात स्विचसमोर चपला काढून बसले. मग उठून ऑफिसच्या इमारतीत जाऊन बसले. मग परत वसतिगृहात. मी वरच्या मजल्यावर घाम पुसत होतो. दुपारी ते जिन्यात आले. आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, ऑफिसातला तो मधी मधी इचारतो. कोन बोलत नसला तरी इचारतो. समद्या बत्त्या एकदम मिचकतात. इथला नाय इचारत."

मी दोन पायऱ्या खाली आलो.

"आमचे पाड्यात सभा असली का एक मानूस घरोघर जातो," ते सांगत होते. "अंगनातून आवाज देतो. आतून हो आला तं ते घर धरायचा. दोनदा आवाज देऊन हो नाय आला, तं नाय धरायचा. पन आवाज देनारा मानूसच नाय ठेवला, तं कोन घरात हाय, कसा समजल? बाईंच्या पुढं नाय बोललो. तुमी बघा."

स्पीकर एकदा नाव देतो, मग स्विच अधूनमधून विचारतो, अजून आहेस ना? दोन वेळा उत्तर आलं नाही, की थोडी वाट बघून नाव खोडायचं. मी विचारणंच बंद केलेलं. विचारलं नाही म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून नाव खोडलं. चार मिनिटं वीस सेकंदांत. पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे गुणसुद्धा मिळाले होते!

मी खाली गेलो, पाचही इमारतींत ती विचारणी चालू केली. बाईंना म्हटलं, बोला. बाईंनी पंधरा मिनिटं मुलांना पाढे म्हणून दाखवले. सहाही इमारती बोलत राहिल्या.

संध्याकाळी शेठने विचारलं, "काय होता? कोणी पकडला?"

मामा तिथेच उकिडवे बसून उरलेल्या केबलचं वेटोळं करत होते.

"मी," मी म्हणालो.

मामांचा हात थांबला नाही. वेटोळं पूर्ण झालं, त्यांनी त्याला गाठ मारली आणि ते गाडीत ठेवायला गेले.

आता त्याच्यामागचं सांगतो, म्हणजे मी किती पाण्यात आहे ते कळेल. तलासरीला फर्मची शाखा निघणार होती. शाखा म्हणजे हायवेला एक गाळा, पण तिथे इन्चार्ज लागणार होता. मामा आयुष्यात शेठकडे एकदाच काही मागायला गेले ते ह्या जागेसाठी. सहा दिवस ते डहाणूला फर्मच्या पोटमाळ्यावर झोपायचे आणि रविवारी घरी जायचे. तलासरीची जागा मिळाली असती तर रोज दिवेलागणीला झरीला, आपल्या अंगणात. शेठ म्हणाला होता, ह्या शाळेचं काम कोण मार्गी लावतो ते बघू.

मला ती जागा नको होती. माझं घर डहाणूला, वाडी डहाणूला. मला उलटा प्रवास पडणार होता. त्यांना मिळू नये, एवढंच मला हवं होतं. मिळाली मला.

महिन्याभराने मामांनी काम सोडलं. भांडले नाहीत, काही नाही. जाताना माझ्या टेबलावर चार चिकूच्या बिया ठेवून गेले, धुऊन पुसून. "तुमच्याच वाडीतल्या हायत," म्हणाले. पाड्यावर पंप दुरुस्त करतात, वायरिंग करतात, असं कानावर यायचं.

आणि पुढच्या सोमवारी सकाळी सातला माझा फोन वाजला. "साहेब, हाय का?"

मी गडबडलो. "आहे," म्हणालो. कट.

म्हणजे काम सोडलं तरी ह्यांची यादी चालूच होती, आणि त्यात आता मी! मला वाटलं, टोमणा आहे. मला वाटलं, दर सोमवारी हा माणूस मला त्या जिन्यातल्या बोलण्याची आठवण करून देणार. पुढच्या सोमवारी फोन वाजला, मी उचलला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी वाजला, तेव्हाही उचलला नाही. नंतर वाजला नाही. मी म्हटलं, सुटलो.

वर्षभर असंच गेलं. मग एका दुपारी मोठा हादरा बसला. मी गाळ्यात होतो, कपाटातले राउटर खाली आले. बाहेर रस्त्यावर आलो आणि पहिला विचार आला तो शाळेचा. मोटरसायकल काढली. शाळा अजून लांब होती तेव्हाच आवाज ऐकू यायला लागला. बाई बोलत होत्या. सगळी पोरं मैदानात, त्या लहान पोरी हात धरून बसलेल्या. मागून दुसरा धक्का आला, भटारखान्याच्या कौलांचा एक पट्टा घसरून खाली पडला. खाली कोणी नव्हतं. बाई पंचवीस मिनिटं बोलत होत्या, आणि सहाही इमारती बोलत होत्या.

नंतर बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही नसता तर," असं काहीतरी म्हणाल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी.

मी तिथून तडक मैदानाच्या कडेला गेलो आणि मामांना फोन लावला. पहिल्यांदाच. इतक्या वर्षांत मी त्यांना कामाशिवाय कधी फोन केला नव्हता.

"कोन?"

माझा नंबर त्यांच्याकडे राहिला नव्हता. मी कोण ते सांगितलं.

"हां. बोला साहेब."

"मामा, तुम्ही बरे आहात ना? तिकडे पडझड?"

"नाय. बकरी पलाली, सापडली."

"मामा, ती विचारणी तुम्ही शोधलीत. मी शेठला माझं नाव सांगितलं."

"माहीत हाय," ते म्हणाले. "मीच होतो ना तिथं."

मी म्हणालो, मी शेठला आजच सांगतो, बाईंना सांगतो, तुम्ही परत या, ती जागा तुमचीच. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आता कशाला? आता मी घरीच हाय. स्पीकर किती येळ चालला?"

"पंचवीस मिनिटं."

"समदे?"

"सगळे."

"मंग बरा हाय," ते म्हणाले, आणि कट.

बाईंना मी त्याच संध्याकाळी सांगितलं, शेठला दुसऱ्या दिवशी. केबिनमधली सर्टिफिकेटं अजून तिथेच आहेत, मी त्या भिंतीकडे बघत नाही.

पुढच्या सोमवारी सातला पाच कमी असताना मी फोन समोर घेऊन बसलो. सात वाजले. सव्वासात झाले. वाजला नाही. मग मीच लावला. एंगेज. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. म्हणजे विचारणं चालू होतं. झाईच्या बर्फवाल्याला, दवाखान्यातल्या आयाला, आशागडच्या त्या पाय दुखणाऱ्या वॉचमनला. एकेकाला विचारत होते, हाय का, आणि तिकडून एकेक जण सांगत होता, हाय.

खरं सांगतो, त्या वॉचमनवर मी जळलो.